हार्ट अटॅकमध्ये तात्पुरता पेसमेकर: केव्हा, कशासाठी आणि किती दिवस?

हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाला आत नेले जाते. नातेवाईक बाहेर अँजिओप्लास्टीची वाट पाहत असतात. तेवढ्यात डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "ठोके फार कमी झाले आहेत. टेम्पररी पेसमेकर टाकावा लागेल, संमतिपत्रावर सही करा." घरच्यांना धक्का बसतो. अँजिओप्लास्टी ठरली होती, मग हे मध्येच काय? आता जन्मभर मशीन बसवणार का?

हे प्रश्न साहजिक आहेत, पण निर्णयाला वेळ फार थोडा असतो. म्हणून ही माहिती आधीच वाचून ठेवलेली बरी.

हार्ट अटॅकमध्ये ठोके कमी का होतात?

हृदयाला स्वतःची वीजयंत्रणा असते. उजव्या वरच्या कप्प्यातील एका केंद्रातून (एसए नोड) विद्युत संदेश निघतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे असलेल्या दुसऱ्या केंद्रातून (एव्ही नोड) तो खाली जातो आणि खालचे कप्पे आकुंचन पावतात. विश्रांतीच्या वेळी हे साधारण मिनिटाला ६० ते १०० वेळा घडते.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद होते. तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूप्रमाणेच वीजयंत्रणेचाही रक्तपुरवठा तुटू शकतो. वरचा संदेश खाली पोहोचेनासा झाला की त्याला 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' म्हणतात. मग खालचे कप्पे आपल्या संथ गतीने, कधी मिनिटाला ३०-४० वेळाच, चालतात. रक्तदाब घसरतो, चक्कर येते, घाम फुटतो, रुग्ण बेशुद्धही होऊ शकतो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. रक्तवाहिनीतील अडथळ्यालाही आपल्याकडे 'ब्लॉक' किंवा 'ब्लॉकेज' म्हणतात. हार्ट ब्लॉक हा विजेच्या मार्गातील अडथळा आहे. पहिल्यासाठी अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लागते, दुसऱ्यासाठी पेसमेकर लागू शकतो. एकाच रुग्णाला दोन्ही लागू शकतात.

अटॅक कोणत्या भागाचा, यावर बरेच अवलंबून

*हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक (इन्फिरियर वॉल):* बहुतेक वेळा उजवी रक्तवाहिनी बंद झालेली असते. दहापैकी सुमारे नऊ माणसांमध्ये एव्ही नोडला रक्त याच वाहिनीतून मिळते. त्यामुळे या अटॅकमध्ये हार्ट ब्लॉक तुलनेने जास्त दिसतो. दिलाशाची गोष्ट म्हणजे तो सहसा तात्पुरता असतो. रक्तपुरवठा सुरू झाल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत वीजमार्ग पूर्ववत होतो.

*हृदयाच्या पुढच्या भागाचा अटॅक (अँटिरियर वॉल):* इथे ब्लॉक कमी वेळा होतो, पण झाला तर जास्त गंभीर असतो. स्नायूचा मोठा भाग आणि त्यातील वीजवाहक तंतू दुखावलेले असतात. ठोके फार संथ आणि बेभरवशाचे असतात. पेसमेकर लावूनही या रुग्णांचा धोका जास्त राहतो, कारण मूळ नुकसान मोठे असते.

प्रत्येक वेळी पेसमेकर लागतो का?

नाही. ठोके कमी असूनही रक्तदाब चांगला असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर अनेकदा मॉनिटरवर लक्ष ठेवणे पुरेसे असते. त्रास होत असेल तर आधी अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन दिले जाते. खालच्या भागाच्या अटॅकमध्ये त्याचा बरेचदा उपयोग होतो, पुढच्या भागाच्या अटॅकमधील ब्लॉकमध्ये फारसा होत नाही. गरजेनुसार ठोके वाढवणारी औषधे शिरेतून सुरू केली जातात. एवढ्याने भागले नाही तर पेसिंगचा निर्णय होतो.

तात्पुरते पेसिंग कसे करतात?

*१. बाहेरून पेसिंग:* छातीवर किंवा छाती-पाठीवर दोन मोठे चिकट पॅड लावून डिफिब्रिलेटर मशीनमधून विजेचे हलके धक्के देतात. हे काही मिनिटांत सुरू होते, म्हणून आणीबाणीत उपयोगी पडते. मात्र प्रत्येक ठोक्याला छातीचे स्नायू आखडतात आणि दुखते. त्यामुळे वेदना कमी करणारे व गुंगीचे औषध देतात. पुढची सोय होईपर्यंतचा हा पूल आहे. बोस्टनचे डॉ. पॉल झोल यांनी १९५२ मध्ये अशा बाह्य पेसिंगचा यशस्वी वापर दाखवला.

*२. शिरेतून तार टाकून पेसिंग:* मान किंवा जांघ इथली जागा बधिर करून शिरेतून एक बारीक तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यापर्यंत नेतात. तारेचे दुसरे टोक बाहेर, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पेटीला जोडतात. शक्य असेल तेव्हा हे एक्स-रे पडद्यावर पाहत करतात. कमीत कमी किती विजेवर हृदय प्रतिसाद देते ते तपासून, सुरक्षिततेसाठी त्याहून दुप्पट-तिप्पट वीज ठेवतात. या पेसिंगचा धक्का रुग्णाला सहसा जाणवत नाही.

यात धोके आहेत का?

आहेत, आणि संमतिपत्रात ते लिहिलेले असतात. तार टोचलेल्या जागी रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार जागची हलणे, ठोके अनियमित होणे, हे त्यातले मुख्य. क्वचित तारेने हृदयाच्या भिंतीला छिद्र पडून हृदयाभोवती रक्त साचते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिलेले असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून दाबून रक्त थांबवता येईल अशी शीर निवडतात. हे धोके असल्यामुळेच गरज नसताना तार टाकत नाहीत आणि गरज संपल्यावर ठेवत नाहीत. पण रक्तदाब कोसळत असताना पेसिंग न करण्याचा धोका त्याहून बराच मोठा असतो.

किती दिवस ठेवतात? कायमचा लागतो का?

तार काही तास ते काही दिवस राहते. डॉक्टर पेटीचा वेग हळूहळू कमी करून हृदय स्वतःच्या ठोक्यांवर चालते का ते पाहतात. चालत असेल तर तार काढतात. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, खाटेवरच काढता येते.

अटॅकनंतरचा ब्लॉक अनेकदा सुटत असल्याने कायमच्या पेसमेकरची घाई करत नाहीत. सर्वसाधारणपणे किमान तीन ते पाच दिवस वाट पाहतात. तरीही ब्लॉक राहिला, तर कायमचा पेसमेकर सुचवला जातो.

नातेवाइकांनी काय करावे?

- रुग्ण आधीपासून घेत असलेल्या गोळ्या दाखवा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन यांनीही ठोके कमी होतात.
- सही करण्याआधी थोडक्यात तीन गोष्टी विचारा: ठोके आणि रक्तदाब किती आहे? बंद रक्तवाहिनी उघडण्याचे काय ठरले? रक्त पातळ करणारी कोणती औषधे दिली?
- गावाकडचा सल्ला, ओळखीच्या डॉक्टरांचे मत यासाठी फोनाफोनी जरूर करा, पण त्यासाठी उपचार थांबवू नका.
- तार जांघेतून असेल तर तो पाय वाकवू देऊ नका. रुग्णाला परस्पर उठवू नका, कूस बदलायलाही नर्सची मदत घ्या.
- पेटीला आणि तारेला हात लावू नका. चक्कर, छातीत नव्याने दुखणे, सतत उचकी किंवा पोट उडल्यासारखे वाटणे, ताप, तारेच्या जागी रक्त दिसल्यास लगेच सांगा.
- खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

सर्वांत महत्त्वाचे

पेसमेकर ठोके सांभाळतो, बंद रक्तवाहिनी उघडत नाही. तार टाकल्यावर मॉनिटरवरचा आकडा ७० दिसू लागतो आणि घरच्यांना वाटते, धोका टळला, आता अँजिओप्लास्टी सकाळी पाहू. असे करू नका. अटॅकमध्ये प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. पेसमेकरने मिळवून दिलेला वेळ वाहिनी उघडण्यासाठीच वापरायचा असतो. त्या रुग्णालयात कॅथलॅब नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन इथेच द्यायचे की लगेच हलवायचे, हे डॉक्टरांना विचारा. हलवायचे ठरले तर मॉनिटर व पेसिंगची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतूनच न्या.

घरी गेल्यावर पुन्हा चक्कर, अचानक शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे असे काही झाले, तर स्वतःच्या गाडीची वाट न पाहता १०८ ला फोन करा. डिस्चार्ज कार्डावर 'तात्पुरता पेसमेकर लावला होता' ही नोंद आहे ना, तेही पाहून घ्या. पुढच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. आपल्या रुग्णाबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)