ऊब म्हणजे ऊन नव्हे : कासवाच्या पेटीतील दोन दिव्यांचा इतिहास

१/ लातूर-नांदेडचा उन्हाळा म्हणजे पारा चाळीस अंशांच्या पार. अशा गावी घरातल्या कासवासाठी दिवा विकत आणण्याची गरज ती काय? प्रश्न रास्त वाटतो. तरीही बंद सदनिकेत, पोटभर हिरवा पाला खाऊन, उबेत वाढलेल्या कासवाचे कवच मऊ पडू शकते. असे का होते, याचे उत्तर शोधताना आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच्या नाशिकला जावे लागते.

२/ पण आधी थोडे मागे. इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट हे निसर्गनिरीक्षक धर्मोपदेशक राहत. १७८० साली त्यांच्याकडे आत्याचे ‘टिमोथी’ नावाचे कासव आले. शरदाच्या दिवसांत ते भिंतीला टेकून आपली पाठ तिरकी करते आणि मावळत्या ऋतूचे कोवळे ऊन अंगावर घेते, हे त्यांनी टिपून ठेवले. कासवाला उन्हातून नेमके काय हवे होते, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

३/ कारण ऊन ही एकच वस्तू आहे, असा समज होता. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून उलगडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवला. तेथे प्रकाश दिसत नव्हता, पण पारा चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना जांभळ्याच्या पलीकडे रौप्यक्षार काळवंडताना दिसला. एका टोकाला अवरक्त, दुसऱ्या टोकाला अतिनील. उन्हातली ऊब आणि उन्हातली रासायनिक शक्ती अशा वेगळ्या निघाल्या.

४/ या शोधाचे मोल कळायला मात्र एका आजाराने भाग पाडले : मुडदूस. धुराने काळवंडलेल्या युरोपीय शहरांत असंख्य मुलांचे पाय वाकत होते. १८९० साली थिओबाल्ड पाम यांनी देशोदेशीच्या वैद्यकीय मिशनऱ्यांकडून माहिती मागवली आणि निष्कर्ष मांडला की, जेथे सूर्य मुबलक तेथे मुडदूस विरळा. मग भारतात हा आजार नसायलाच हवा होता.

५/ पण तो होता. डॉ. हचिसन आणि पटेल यांनी नाशिक शहराची पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९२२ साली हचिसन आणि शहा यांचा निबंध आला. चित्र चकित करणारे होते. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर असणाऱ्या कष्टकऱ्यांच्या मुलांत मुडदूस जवळजवळ आढळत नव्हता. तो आढळला सुखवस्तू घरांत, जेथे गोषा पाळला जाई.

६/ विचार करा. अन्न चांगले, हवा उष्ण, बाहेर रखरखीत ऊन. आणि माजघरातल्या बाळाची हाडे मऊ. त्याच्या आईलाही तोच हाडांचा आजार जडे. उबेची कमतरता नव्हती, अन्नाचीही नव्हती. भिंतीआड पोहोचत नव्हता तो केवळ सूर्यप्रकाश. गरिबी नव्हे, तर प्रतिष्ठेची रीत त्या माणसांना दुबळे करत होती.

७/ युरोपात याच सुमारास दिव्यांचे युग सुरू झाले होते. नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर विजेच्या प्रखर दिव्याचा उपचार केला. उष्णता अडवण्यासाठी वाटेत पाणी आणि अतिनील किरण जाऊ देण्यासाठी स्फटिकाची भिंगे, अशी त्यांची योजना होती. म्हणजे ऊब गाळून टाकलेला प्रकाश! १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

८/ १९१८-१९च्या हिवाळ्यात बर्लिनचे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या स्फटिक-दिव्याखाली बसवले. हाडे भरून आली. किरण एकाच हातावर सोडले, तरी क्ष-किरण चित्रांत दुसराही हात सुधारलेला दिसला. अर्थ स्पष्ट होता : त्वचेत काहीतरी तयार होते आणि ते रक्तावाटे सर्वत्र जाते. १९२२ साली मॅकॉलम यांनी मुडदूस रोखणाऱ्या घटकाला ‘ड’ जीवनसत्त्व म्हटले.

९/ आज यामागची क्रिया आपल्याला ठाऊक आहे. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, म्हणजेच यूव्हीबी, त्वचेतील एका द्रव्याचे रूप बदलतात. त्या नव्या द्रव्याचे पुढे ‘ड’ जीवनसत्त्व होण्यासाठी मात्र शरीराची ऊब लागते. पहिले काम किरणांचे, दुसरे उबेचे. माणसाचे शरीर आपली ऊब आपणच राखते. कासवाला ती बाहेरून घ्यावी लागते. टिमोथी भिंतीला टेकून एकाच वेळी दोन्ही गोष्टी घेत होता.

१०/ घरातली चूक येथेच होते. खिडकीची काच ऊब आत येऊ देते, यूव्हीबी मात्र अडवते. काचेआडून अंगावर पडणारे ऊन कासवाच्या हाडांच्या दृष्टीने सावलीच असते. तांबडा दिवा किंवा सिरॅमिक हीटर नुसती उष्णता देतो. पाला खाणाऱ्या कासवाला अन्नातून ‘ड’ जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. मग शरीर कॅल्शियम नीट शोषू शकत नाही आणि कवच मऊ पडते. नाशिकचे माजघर पुन्हा उभे राहते, या वेळी काचेच्या पेटीत.

११/ म्हणून दिवे दोन. उबेसाठी हॅलोजन दिवा : त्याच्याखाली साधारण ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला पंचविशीच्या आसपास, म्हणजे नको तेव्हा कासव दूर सरकेल. किरणांसाठी यूव्हीबीची लांब नळी, परावर्तकासह, त्याच उबदार बाजूला. मध्ये काच नको, दाट जाळी नको. नळी किती उंचीवर लावायची, हे तिच्या शक्तीनुसार ठरते. रात्री दोन्ही बंद.

१२/ एक फसगत टाळा. नळी उजळ दिसते म्हणजे यूव्हीबी देते, असे नाही. तिचे अदृश्य किरण आधी क्षीण होतात, दृश्य प्रकाश टिकून राहतो. म्हणून सुमारे वर्षाने ती बदलावी, किंवा मापकाने तपासावी. २०१० साली गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी रानातले सरडे आणि साप किती यूव्हीबी घेतात हे मोजून चार गट पाडले; प्राणी पाळणारे आज त्याच गटांच्या आधारे दिवा निवडतात.

१३/ मराठवाड्याला मात्र एक वरदान आहे. बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व तयारच होत नाही, असे १९८८च्या संशोधनात दिसले. नांदेड-लातूर विषुववृत्ताच्या बरेच जवळ. येथे बाराही महिने यूव्हीबी मिळते. खूण सोपी : आपली सावली आपल्या उंचीहून आखूड, तर किरण भरपूर. गच्चीवर अर्धी सावली, पाणी आणि राखण असेल, तर दिवा दुय्यम ठरतो. मेच्या दुपारी मात्र तेच ऊन जीव घेईल.

१४/ शेवटी कायदा. पाठीवर चांदण्या मिरवणारे भारतीय तारा कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ते घरात ठेवणे गुन्हा आहे. कितीही चांगला दिवा लावला तरी. परदेशी जातीच्या संरक्षित कासवांची नोंदणीही आता बंधनकारक आहे.

१५/ मुडदुसाचा इतिहास आपल्याला एवढेच सांगतो की, खाऊपिऊ घालणे आणि उबेत ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. भिंतीआड ठेवलेल्या जिवाला आपण काय देतो, याइतकेच भिंत काय अडवते हेही पाहावे लागते. नाशिकच्या त्या मुलांना हे सांगता येत नव्हते. कासवालाही येत नाही.