शिलावर्तुळे आणि पवित्र शास्त्र : स्टीफन हिस्लॉप यांच्या निमित्ताने

प्राचीन संस्कृतींचा अभ्यास श्रद्धेच्या चौकटीतून करता येतो काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वादाच्या सुरात विचारला जातो. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी पंडितांविषयी बोलताना आपण एक तर कृतज्ञतेने हात जोडतो, नाही तर संशयाने पाठ फिरवतो. या दोन्ही वृत्ती वाचनाचे कष्ट वाचवतात. प्रस्तुत लेखात आम्ही विदर्भातील एक उदाहरण घेऊन या प्रश्नाकडे पाहणार आहोत.

बायबलमधील प्राचीन काळ मराठीत अवतरला तो पुराणाच्या रूपाने. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जगदुत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळाची कथा ओवीत सांगितली आहे. तेथे काळ मोजण्याची घाई नाही. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट पंडितांचा काळ मात्र मोजलेला होता. आर्चबिशप अशर यांच्या गणनेप्रमाणे सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ मध्ये झाला. जगातील सर्व राष्ट्रांचा इतिहास एवढ्या अवधीत बसवायचा, तर प्रत्येक जुन्या दगडाला नोहाच्या वंशावळीत कुठे तरी जागा शोधावी लागे.

मुंबईत १८२९ साली आलेले डॉ. जॉन विल्सन हे या वर्गातील ठळक नाव. हिंदू आणि पारशी धर्मांविरुद्ध त्यांनी वादग्रंथ लिहिले. १८४७ साली बायबलमधील भूमीच्या प्रवासावर त्यांचा ग्रंथ निघाला, आणि १८५० साली पश्चिम भारतातील लेण्यांवरचा त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. गिरनारच्या अशोक-लेखाचा त्यांच्यासाठी घेतलेला ठसा जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोचला, आणि १८३८ साली त्या लेखात ग्रीक राजांची नावे ओळखली गेली. त्यामुळे भारतीय इतिहासाच्या कालक्रमाला एक पक्का खुंटा मिळाला. ज्या धर्माचे खंडन करायचे, त्याच भूमीचे लेख जपून उतरवायचे, हा विरोधाभास येथे स्पष्ट दिसतो.

विदर्भात हाच विरोधाभास अधिक सौम्य, पण अधिक खोल रूपात स्टीफन हिस्लॉप यांच्या ठायी भेटतो. १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स येथे जन्मलेले हिस्लॉप फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४५ साली नागपुरास आले. तेथे त्यांनी शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज (१८८३) त्यांच्याच नावाने पुढे उभे राहिले. परंतु मुलांना शिकवता शिकवता हा मनुष्य खडकांकडे वळला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या परिसरातील लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळातून शिंपले, बिया आणि हाडे गोळा केली. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केले.

पैनगंगेच्या खोऱ्यातील फुलसावंगीपासून उत्तरेकडे जाताना पायाखाली बहुतेक ठिकाणी जो काळा दगड लागतो, तो त्याच लाव्हाचा. आज त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मानले जाते. एवढा आकडा हिस्लॉप यांच्यापाशी नव्हता. परंतु त्यांनी वर्णिलेले थर सहा हजार वर्षांत मावणारे नव्हते, हे उघड आहे. त्यांच्याच पंथातील भूशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील 'दिवस' म्हणजे दीर्घ युगे, असा अर्थ लावून वाट काढली होती. दगडाने शास्त्रवचन खोटे ठरवले असे न मानता वचनाचे वाचन बदलायचे, ही वाङ्मयाच्या अभ्यासकाला ओळखीची रीत आहे. टीकाकार संहितेशी असेच वागत आले आहेत.

तथापि मानवी अवशेषांच्या बाबतीत ही लवचीकता सहज आली नाही. नागपूरभोवतीच्या माळांवर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. जुनापाणी येथे त्यांची संख्या तीनशेच्या आसपास जाते. एकोणिसाव्या शतकातील लेखक त्यांना 'सिथियन' म्हणत. ब्रिटनमधील शिलावर्तुळांशी त्यांचे साम्य दिसले, की एकच भटका वंश दोन्हीकडे गेला असावा, असे अनुमान होई. सर्व मानव एका कुळातून पांगले, हा बायबलचा संस्कार या अनुमानाला पोषकच होता. साम्य दिसले की नाते गृहीत धरायचे, हा त्यातील दोष.

हा दोष पुढच्या उत्खननांनी दूर केला. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे, तर पुढे नैकुंड येथे सहकाऱ्यांसह खोदकाम केले. माहुरझरीस घोड्यांचे दफन मिळाले, नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी. ही माणसे इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातील, लोहकामात कुशल आणि या मातीत रुजलेली होती. त्यांच्या स्पष्टीकरणासाठी दूरच्या वंशाची गरज उरली नाही.

मग चौकटीने केवळ नुकसानच केले काय? आम्हांला तसे वाटत नाही. सर्व माणसे एकाच मूळची, या श्रद्धेची दुसरी बाजू अशी, की ज्यांना कोणी इतिहास मानत नव्हते त्यांचे शब्दही ऐकण्याजोगे ठरले. हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोची गोंडी गाथा उतरवून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांची सुटका आणि त्यांच्या कुळांची व्यवस्था ही त्या गाथेची मुख्य सूत्रे. बंधन आणि मुक्ती यांची ही कथा निर्गमाच्या वाचकाला ओळखीची वाटावी अशीच आहे. पण तिच्यात महादेव आणि पार्वतीही वावरतात, आणि ती मूळ गोंडी शब्दांसह जतन झाली. त्यामुळे पुढच्या वाचकांना संग्राहकाशी असहमत होण्याचीही सोय राहिली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली.

यवतमाळ जिल्ह्यात गोंड, परधान आणि कोलाम समाजांची वस्ती आजही मोठी आहे. आमच्या वर्गांतून त्या घरची मुले बसतात, आणि आपल्या पूर्वजांच्या गाथेचा पहिला छापील पाठ एका परधर्मी उपदेशकाच्या कागदांतून आला, हे त्यांना सांगावे लागते. ते सांगताना आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो : त्याने काय पाहिले, आणि पाहिलेल्याला कोणते नाव दिले. पहिली गोष्ट टिकली, दुसरी बदलली. ही कसोटी केवळ ख्रिस्ती अभ्यासकांपुरती नव्हे. प्रत्येक माळावर पांडवांचा मुक्काम शोधणाऱ्या आपल्या उत्साहालाही ती तितकीच लागू पडते. श्रद्धा माणसाला माळापर्यंत नेऊ शकते. तेथे गेल्यावर दगड काय सांगतो ते मात्र दगडालाच विचारावे लागते.