निर्वासित आणि मतदारयादी

दिनांक २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर आणि भोवतालची खेडी भूकंपाने हादरली. घरे कोसळली की प्रथम आठवण होते ती अन्नाची, पाण्याची आणि निवाऱ्याची. आणि ते योग्यच आहे. परंतु घराबरोबर आणखी एक गोष्ट नाहीशी होते, आणि तिची जाणीव पुष्कळ उशिरा होते. ती म्हणजे माणसाचा पत्ता. सरकारी कचेरीत ज्याने काम केले आहे, त्याला हे ठाऊक असते की, पत्ता नसलेल्या माणसाचा अर्ज कोणत्याच टेबलावर फार वेळ टिकत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पॅरडाइज नावाचे एक गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वणव्यात जवळजवळ सारे भस्मसात झाले. दोनच दिवसांपूर्वी तेथे मतदान होऊन गेले होते. विखुरलेल्या त्या लोकांनी पुढच्या वेळी स्वतःला कोठले मतदार म्हणवावे? वणवा असो, पूर असो की भूकंप, प्रश्न हाच असतो. आपल्या देशापुढे तो सत्तर वर्षे आधी, १९४८ साली, कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता.

फाळणीने एक कोटीहून अधिक माणसे देशोधडीला लावली. जबलपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. सिंधमधून निघालेली कुटुंबे जबलपुरात आली; त्या काळी जबलपूर जिल्ह्यातच असलेल्या कटनीजवळ माधवनगरात त्यांची वसाहत झाली. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित उतरले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले.

याच सुमारास, मार्च १९४८ मध्ये, घटना समितीच्या सचिवालयाने मतदारयाद्या तयार करण्याच्या सूचना प्रांतांना आणि संस्थानांना धाडल्या. राज्यघटना अजून संमत व्हावयाची होती, तरी प्रत्येक प्रौढ नागरिकाचे नाव नोंदवावयाचे ठरले होते. अट एवढीच की, ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात त्याचे त्या ठिकाणी किमान १८० दिवस वास्तव्य असावे. सामान्य माणसाला ही अट साधी होती. निर्वासिताला मात्र ती दार बंद करणारी होती. ऑक्टोबर १९४७ चा पहिला आठवडा उलटल्यावर जो आला, त्याचे १८० दिवस भरणे शक्यच नव्हते. कराचीत ६ जानेवारी १९४८ रोजी दंगल झाल्यानंतर जे निघाले, त्यांचे तर नव्वदही भरत नव्हते.

आसामात निर्वासितांची नावे घेण्यास स्थानिक अधिकारी कां कूं करू लागले, तेव्हा तेथील नागरिकांच्या संघटनांनी थेट दिल्लीच्या सचिवालयाकडे पत्रे लिहिली. ती पत्रे फाइलीत निजली नाहीत. सचिवालयाने असे ठरविले की, ‘मी या गावी कायम राहणार आहे’ एवढे निवेदन निर्वासिताने केले की त्याचे नाव यादीत घ्यावे. किती दिवस राहिला, हे विचारू नये. दिनांक ८ जानेवारी १९४९ च्या ठरावाने घटना समितीने या धोरणावर शिक्कामोर्तब केले. ज्याच्याजवळ एकही कागद उरला नव्हता, त्याचा शब्द हाच कागद मानला गेला. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदारांच्या यादीत या माणसांची नावे इतरांच्या बरोबरीने होती. त्यांच्यासाठी वेगळी यादी केली नव्हती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ही परंपरा पुढे कायद्यातही उतरली. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तात्पुरते गाव सोडावे लागल्याने वास्तव्य संपत नाही. आणि नव्या ठिकाणी स्थायिक झालेल्याला तेथे नाव हलविता येते, मात्र नाव एकाच जागी असावे लागते. छप्पर नसलेल्या माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागू नये. तो रात्री जेथे झोपतो तेथे जाऊन अधिकाऱ्याने खात्री करावी, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. काश्मीरमधून परागंदा झालेल्यांसाठी जम्मूत आणि दिल्लीत मतदान केंद्रे उघडली गेली. मणिपुरात २०२४ साली मदत छावण्यांतच मतदानाची सोय झाली.

तरीही नियम स्वतःहून चालत छावणीपर्यंत जात नाही. तो कोणीतरी न्यावा लागतो. म्हणून संकटग्रस्तांना धान्य आणि कांबळी वाटणाऱ्याने त्यांना एवढेही अवश्य सांगावे की, मतदाराचे ओळखपत्र जळाले तरी हक्क जळत नाही. तो यादीतील नावावर उभा असतो, आणि पत्र पुन्हा मिळते. मदत घेणारा हात ओशाळलेला असतो. तोच हात मतदान करतो, तेव्हा तो कोणाचा ओशाळा राहत नाही. १९४८ साली ज्यांनी निर्वासिताच्या शब्दावर विश्वास टाकला, त्यांना हे उमगले होते.