तुलुई : चुलीचा राखणदार

चेंगीझखानास पट्टराणी बोर्ते हिच्यापासून चार पुत्र झाले. त्यांतील धाकटा तुलुई. थोरल्यांनीं दूर जाऊन आपआपल्या राहुट्या ठोकाव्या व धाकट्यानें बापाची चूल राखावी, अशी मोंगलांची चाल. म्हणून १२२७ सालीं चेंगीझखान वारला तेव्हां, गादी तिसरा पुत्र ओगताई यास नेमलेली असूनहि, १,२९,००० फौजेपैकीं १,०१,००० फौज तुलुईच्या वांट्यास आली. हा आंकडा इराणी इतिहासकार रशीदुद्दीन देतो. दोन वर्षें कारभारहि तुलुईनेंच पाहिला. एवढें बळ हातीं असतां गादी बळकावण्याचा मोह कित्येकांस झाला असता. पण १२२९ त ओगताईच सिंहासनावर बसला.

मात्र हा पुरुष दयाळू नव्हे. १२२१ त खुरासानांत मर्व्ह शहर शरण आलें असतांहि त्यानें रहिवाशांची कत्तल करविली. निशापूरच्या तटाखालीं चेंगीझखानाचा जांवई तोघाचार पडला होता. त्याच्या सूडापायीं तें शहर जमीनदोस्त झालें. बखरकारांचे लक्षावधि मृतांचे आंकडे फुगविलेले खरेच, पण कत्तल खोटी नव्हे.

सेनापति म्हणून त्याची कसोटी चीनमध्यें लागली. उत्तरेस पीत नदी व पश्चिमेस तुंगक्वानची खिंड यांच्या आड जिन घराण्याचें राज्य सुरक्षित बसलें होतें. तुलुईनें सुंग राज्याच्या डोंगराळ मुलुखांतून वळसा घालून दक्षिणेकडून त्यावर चाल केली. जिनांचें सैन्य त्याच्याहून मोठें. त्यानें समोरासमोरची लढाई टाळली व शत्रूस धड जेवूं दिलें नाहीं कीं झोंपूं दिलें नाहीं. १२३२ च्या आरंभीं सानफेंग डोंगरापाशीं बर्फ कोसळलें, आणि भुकेनें व थंडीनें गारठलेलें तें सैन्य कापलें गेलें. १२३४ त जिन घराणें संपलें.

तो शेवट पाहण्यास तुलुई उरला नव्हता. १२३२ तच तो चाळिशीच्या सुमारास वारला. ‘मोंगलांचा गुप्त इतिहास’ सांगतो कीं, ओगताई आजारी पडला. मांत्रिकांनीं त्याच्याऐवजीं आप्ताचा प्राण मागितला. तेव्हां तुलुईनें मंतरलेलें पाणी पिऊन, बायकामुलें भावाच्या पदरीं घालून, प्राण दिला. श्रोत्यांस येथें १५३० सालच्या बाबर-हुमायूनची कथा आठवेल. जुवैनी मात्र म्हणतो कीं, अतिमद्यपानानें तो गेला. पेला दोन्हीकडे आहेच! जुवैनीची हकीकत अधिक संभवनीय. परंतु त्यागाची कथा तुलुईच्या वंशजांस फार सोयीची होती. ज्याच्या पित्यानें खानासाठीं प्राण दिला, त्याचा गादीवर हक्क कोण नाकारील?

तो हक्क प्रत्यक्षांत आणला त्याच्या विधवेनें. सोरखाक्तानी ही ख्रिस्ती धर्माची. ओगताईनें आपला पुत्र गुयुक याच्याशीं तिचें लग्न सुचविलें. मुलें वाढवावयाचीं आहेत असें सांगून तिनें तें नाकारलें. १२५१ त तिचा थोरला मंगू खान झाला. हुलागूनें १२५८ त बगदाद घेतलें, आणि कुबलाई चीनचा बादशहा होऊन त्यानें मृत पित्यास बादशहाची पदवी दिली.