चंडीगड खुर्ची

चंडीगडच्या सरकारी इमारतींसाठी १९५० नंतर घडवलेले सागवान व वेताचे आसन. शहराचे नियोजक ल कॉर्ब्यूझ्ये यांचे चुलतभाऊ, स्विस वास्तुशिल्पी प्येर झानरे (१८९६–१९६७) यांच्या देखरेखीखाली ते आकाराला आले. वास्तुशिल्पी युली चौधरी यांचाही त्यात वाटा होता. उलट्या ‘व्ही’सारखे जाड, निमुळते पाय ही त्याची ओळख. मोडक्या खुर्च्या पुढे गच्च्यांवर व आवारात ऊनपावसात पडून राहिल्या, भंगारात विकल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना गेल्या. ही हानी अक्षम्यच. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या खुर्च्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

बागेसाठी असे आसन निवडताना लाकूड व वेत वेगळे पाहावेत. अंगातल्या तेलामुळे साग पाणी व वाळवीला सहजी दाद देत नाही. उन्हाने येणारी रुपेरी छटा म्हणजे कूज नव्हे. खरा धोका पायाच्या तळाशी असतो: कापलेल्या टोकाचे तंतू ओल वर ओढतात, म्हणून पाय ओल्या मातीत न टेकवता दगडावर ठेवावेत. वेत मात्र पावसात बुरसतो, उन्हात तडकतो. वेताची खुर्ची ओसरीतच ठेवावी.