‘राघू’ आणि ‘गंगा’

* राघू : प्रियकर नव्हे. जात्यावरच्या ओवीत राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी, नवऱ्यासाठी ‘भरतार’. शेवगावकडच्या ओवीतली ‘गंगा’ही काशीची नव्हे, तालुक्याच्या उत्तरेची गोदावरी, 1976 साली जायकवाडी धरण पुरं झालं आणि तिचा तिथला काठ धरणाच्या नाथसागर जलाशयाखाली गेला. ओव्यांत प्रेम, त्याग, पश्चात्ताप एकत्र पाहायचे तर सीतेच्या ओव्या वाचाव्यात. तिथं बाई रामाला देव म्हणून सोडून देत नाही, नवरा म्हणून जाब विचारते. वनवास सीतेचा, गाऱ्हाणं बहुतेकदा गाणारीचंच. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखभर ओव्यांतही सीता वारंवार भेटते. मागच्या आवृत्तीत आम्ही ‘राघू’चा अर्थ ‘प्रियकर’ छापला होता. चूक आमची, वाचकांनी तो शब्द खोडावा. — संपा.