खेळाडूचा भाव आणि दलालाची दस्तुरी

फुटबॉलच्या मैदानाशी आमचा संबंध फारसा नाही. आयुष्याची तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या दारांशी सभा घेण्यात, वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आणि मालकांसमोर वाटाघाटींना बसण्यात घालविली. तेव्हा खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. त्याला आमचे उत्तर असे की, वृत्तपत्रे जिला खेळाडूची 'बदली' म्हणतात ती मुळात श्रमाची देवघेव आहे. पाय खेळाडूचा, मैदान मालकाचे, आणि मध्ये उभा दलाल. हे त्रिकूट मुंबईच्या गिरणगावाने पुष्कळ पाहिले आहे. आज क्लब जो पैसा दलालांना मोजतात त्याची कूळकथा सांगावी, आणि तीतून एक प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू.

कथा इंग्लंडात सुरू होते. १८८५ साली तेथील फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली आणि १८८८ साली बारा क्लबांनी मिळून लीग स्थापन केली. त्यापूर्वीच स्कॉटलंडचे खेळाडू फोडून दक्षिणेकडे नेण्यासाठी इंग्रज क्लबांचे हस्तक तिकडे फिरू लागले होते. स्कॉटिश गावकऱ्यांनी त्यांतल्या काहींना चोपही दिला. म्हणजे दलाल हा या खेळात काल-परवा आलेला पाहुणा नव्हे. धंदा आणि दलाल यांचा जन्म जोडीनेच झाला.

दलालांचा आणि वाढत्या पगारांचा बंदोबस्त करण्यासाठी मालकांनी जो उपाय योजला तो मात्र रोगापेक्षा भयंकर होता. खेळाडूची नोंदणी एका क्लबाकडे व्हावयाची आणि ती नोंद क्लबाच्या मालकीची राहावयाची. हंगाम संपला, कराराची मुदत संपली, तरी क्लबाने 'आम्ही याला राखून ठेवला आहे' असे लिहून दिले की त्या माणसाला लीगमधल्या दुसऱ्या क्लबात खेळता येत नसे. नव्या अटी त्याला मान्य नसतील तर त्याने खुशाल घरी बसावे, पगार मात्र मिळावयाचा नाही! त्याला सोडावयाचाच झाला तर नवा क्लब जुन्या क्लबाला किंमत देई. १९०५ साली सुंदरलँडचा ॲल्फ कॉमन मिडल्सबरोकडे गेला तेव्हा ही किंमत पहिल्यांदा १,००० पौंड झाली, आणि माणसाची अशी विक्री व्हावी काय, म्हणून इंग्लंडात मोठी ओरड झाली. त्या वेळी खेळाडूचा पगार किती होता? १९०१ पासून आठवड्याला चार पौंड ही कमाल मर्यादा ठरली होती. साध्या कारागिराच्या मानाने ही मजुरी वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्याच्या विक्रीचे हजार पौंड येतात त्याला चारच्या वर पाचवा पौंड मागण्याची बंदी, हा न्याय कोणता?

या प्रश्नातून संघटना जन्मली. डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टर येथे, बिली मेरेडिथ या नामांकित खेळाडूच्या अध्यक्षतेखाली, खेळाडूंची युनियन स्थापन झाली. ही युनियन इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी हातमिळवणी करू पाहते असे दिसताच १९०९ साली असोसिएशनने फर्मान काढले की, युनियन सोडा नाहीतर खेळ सोडा. बहुतेकांनी मान तुकविली. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी ती तुकविली नाही. क्लबाबाहेर त्यांनी स्वतंत्र सराव चालू ठेवला आणि 'बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब' अशी पाटी पुढे ठेवून छायाचित्र काढविले. हंगाम तोंडावर आल्यावर असोसिएशन नमले आणि युनियनला मान्यता मिळाली. परंतु युनियनने महासंघाशी नाते तोडावे, ही किंमत तिला चुकवावी लागली. मालकवर्ग मान्यता देतो तेव्हा दुसऱ्या हाताने काय काढून घेतो हे पाहण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढे पन्नास वर्षे कमाल पगार आणि राखून ठेवण्याची पद्धत दोन्ही टिकली. १९१२ साली किंगाबी नावाच्या खेळाडूने ॲस्टन व्हिलाविरुद्ध दावा लावला; तो हरला आणि युनियन कर्जात बुडाली. १९२८ साली डेव्हिड जॅकसाठी आर्सेनलने १०,००० पौंडांवर किंमत मोजली. माणसांचे भाव चढत होते, मजुरी मात्र मर्यादेच्या छपराखाली वाकून उभी होती.

ते छप्पर १९६१ च्या जानेवारीत उडाले. जिमी हिल तेव्हा युनियनचा अध्यक्ष होता. कमाल पगार तेव्हा आठवड्याला वीस पौंड होता. त्याने गावोगाव सभा घेतल्या, संपाची तारीख २१ जानेवारी ठरली, आणि तीन दिवस आधी मालकांनी कमाल पगाराची अट सोडून दिली. लवकरच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. दुसरी बेडी न्यायालयात तुटली. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमला क्लब सोडावयाचा होता, क्लब सोडीना. तेव्हा तो खेळ थांबवून बुचाच्या धंद्यात विक्रेत्याची नोकरी करू लागला. अखेर १९६० साली ४७,५०० पौंडांना त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले. तेवढ्यावर गप्प न बसता, युनियनच्या पाठिंब्याने त्याने दावा चालविला. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की, राखून ठेवण्याची ही पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेले गैरवाजवी बंधन होय. १९७८ मध्ये इंग्लंडात मुदतीनंतर क्लब बदलण्याचा हक्क मिळाला, तरी किंमत वसूल करण्याची वाट क्लबांना मोकळीच राहिली.

शेवटचा घाव बेल्जममध्ये बसला. लीजच्या क्लबातील जाँ-मार्क बोस्मान याचा करार १९९० साली संपला. क्लबाने त्याला पूर्वीच्या पगाराच्या चतुर्थांशावर राहण्यास सांगितले. तो फ्रान्समधील डंकर्कच्या क्लबात जाऊ म्हणाला तर सौदा मोडला. पाच वर्षे तो कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरविले की, करार संपलेल्या खेळाडूने युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबात जाताना त्याच्याबद्दल किंमत मागता येणार नाही. बोस्मानचे स्वतःचे खेळाडू म्हणून आयुष्य तोवर संपले होते. ज्याने दार उघडले तो उंबऱ्यावरच राहिला आणि मागून आलेले आत गेले.

आता दलालाकडे वळू. पूर्वी जो पैसा जुन्या क्लबाला किंमत म्हणून जाई तो आता मोकळा झाला. त्यातला काही खेळाडूच्या पगारात गेला, हे योग्यच झाले. पण ज्याने हा खेळाडू आणून दिला, त्याचे मन वळविले, दुसऱ्या क्लबाला हूल दिली, त्यानेही आपला हात पुढे केला. असा मनुष्य पूर्वीही होताच. १९५७ साली जॉन चार्ल्स लीड्सहून ६५,००० पौंडांना तुरिनच्या युव्हेंटसकडे गेला तेव्हा जीजी पेरोनाचे नावाचा इटालियन मध्यस्थ त्या व्यवहारात होता. इंग्लंडात तर दलालाला पैसे देण्यास नियमाने मज्जाव होता. नियम कागदावर राहिला आणि पैसे टेबलाखालून गेले. १९९५ च्या फेब्रुवारीत आर्सेनलचे व्यवस्थापक जॉर्ज ग्रॅहम यांना काढून टाकण्यात आले. दोन खेळाडूंच्या खरेदीनंतर रूने हाऊगे या नॉर्वेच्या दलालाकडून त्यांना ४,२५,००० पौंड मिळाले होते. ती न मागितलेली भेट होती, असे त्यांचे म्हणणे. रक्कम त्यांनी व्याजासह क्लबाला परत केली आणि एक वर्षाची बंदी भोगली.

पुढे चोरून होणारे उघड झाले. जागतिक संघटना फिफा हिच्या अहवालाप्रमाणे २०२३ या एका वर्षात, नुसत्या एका देशातून दुसऱ्या देशात झालेल्या बदल्यांत, क्लबांनी दलालांना ८८ कोटी डॉलरांहून अधिक दिले. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील वीस क्लबांनी सुमारे ४१ कोटी पौंड दिले. त्यांत एकट्या चेल्सीचे साडेसात कोटी. याउलट, ज्या लहान क्लबांनी पोराला बारा वर्षांचा असल्यापासून घडविले त्यांच्यासाठी फिफाने बदलीच्या किमतीतून शेकडा ५ एवढा वाटा राखून ठेवला आहे. आणि तो हाती पडावा म्हणून २०२२ साली निराळी वसुली-यंत्रणा उभारावी लागली. दलालाला अशी यंत्रणा कधी लागली नाही.

दलाल निव्वळ बांडगूळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. एकोणीस वर्षांचा पोर, परका देश, परकी भाषा, चाळीस पानांचा करार, आणि पस्तिशीच्या आत संपणारी कमाई. त्याच्या बाजूला जाणता माणूस हवाच. आमचा प्रश्न निराळा आहे. हा जाणता माणूस मीठ कोणाचे खातो? खेळाडूच्या वतीने जो पगार मागतो त्याचे बिल जर क्लब भरतो, तर तो टेबलाच्या कोणत्या बाजूला बसला आहे?

मुंबईच्या गिरण्यांत मुकादम असे. तो कामगार भरती करी, कामगारांचाच पुढारी म्हणून मिरवी, पगार गिरणीचा घेई आणि नोकरी लावल्याची दस्तुरी कामगाराकडून उकळी. १९३५ पासून बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली ती त्याची ही पकड ढिली करण्यासाठी. तो वाईट होता म्हणून नव्हे. दोन धन्यांची चाकरी एका माणसाकडून प्रामाणिकपणे होत नाही म्हणून. आमच्याच अनुभवातली गोष्ट सांगतो. एका कारखान्यात करार होण्याच्या महिनाभर आधी मालकाने कामगारांच्या एका प्रतिनिधीच्या मुलीच्या लग्नाचा मांडव स्वखर्चाने घालून दिला. करारातली पगारवाढ वाईट नव्हती. कदाचित मांडव नसता तरी तेवढीच झाली असती. पण पुढच्या वर्षी त्या माणसाने तोंड उघडले की सभेत मागून कोणीतरी 'मांडव' एवढेच म्हणे, आणि त्याला खाली बसावे लागे. भाव बरोबर होता की नाही, हे कोणाला कळणारच नव्हते. नुकसान झाले ते हेच.

फिफाने डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम केले आणि ऑक्टोबर २०२३ पासून ते पूर्णपणे लागू केले. वर्षाला दोन लाख डॉलरांवर पगार असेल तर वरच्या रकमेवर खेळाडूच्या दलालाला शेकडा ३, त्याखाली शेकडा ५, अशी मर्यादा घातली. दलालांनी जर्मनीत डॉर्टमुंडच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी फिफाने हे नियम जगभर स्थगित केले. आमच्या कमाईवर धनिक संघटना मिळून छप्पर घालू शकत नाहीत, असा दलालांचा सूर होता. गंमत पाहा, १९६१ साली खेळाडू हेच म्हणत होते! कमाल मर्यादेविषयी आम्हांलाही फार प्रेम नाही. मजुरीवरची मर्यादा आम्ही नाकारावी आणि दुसऱ्याच्या मेहनतान्यावर ती लादावी, हे आमच्या तोंडी शोभणार नाही.

पण त्याच नियमांत दुसरे एक कलम होते, आणि त्याच्याकडे लोकांचे लक्ष कमी गेले: ज्याचे काम, त्याने दाम द्यावा. खेळाडूचा दलाल खेळाडूनेच पोसावा. केवळ कमी पगाराच्या खेळाडूसाठी क्लबाने भरले तर चालेल. स्थगितीत हेही कलम गेले. कोणी म्हणेल, पैसा शेवटी एकाच थैलीतून येतो. बाजार समितीत अडत शेतकऱ्याकडून कापली काय आणि व्यापाऱ्याकडून घेतली काय, भावात ती उतरतेच. हिशेबापुरते ते खरे असेल. परंतु ज्या दिवशी खेळाडू आपल्या हाताने ती रक्कम मोजील, त्या दिवशी तो विचारील की, बाबा रे, एवढ्याचे तू काय केलेस? क्लब मोजतो तेव्हा हा प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. कामगार महिन्याला वर्गणी देतो आणि पावती मागतो, ती त्या चार पैशांसाठी मागत नाही. जाब विचारण्याचा हक्क त्याला विकावयाचा नसतो.

इंग्लंडच्या खेळाडूंनी पगारावरचे छप्पर उडविले ते एकत्र येऊन. नंतर प्रत्येक जण आपापला भाव ठरवावयाला एकटा आत गेला. त्या खोलीत त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि दलाल तीवर बसला. हुशार असेल, कष्टाळू असेल, क्वचित प्रेमळही असेल. उद्या सकाळी वर्तमानपत्रात अमुक खेळाडू इतक्या कोटींना गेल्याची बातमी श्रोते वाचतील, तेव्हा त्यांनी आकड्याच्या खाली आणखी एक ओळ शोधावी: दलालाला पैसे कोणी दिले? बहुधा ती ओळ छापलेली नसेल.